हजेरीत एकतीस

सोमवार, ३

मोठ्या बाईंनी अखेर होकार दिला. होकार म्हणजे काय, माझ्या अर्जावर "पाहू" लिहिलं होतं ते खोडून त्यांनी "ठीक" लिहिलं. बारा तारखेला, बुधवारी, सातवीची सहल. सकाळी आठ दहाची बोट, पन्नास मिनिटांत पलीकडचं शहर. तिथे दीपगृह, भरती-ओहोटी मोजायचं केंद्र, जहाजांचं संग्रहालय, आणि चार चाळीसच्या बोटीने परत. एवढ्यासाठी मी दोन महिने त्यांच्या दारात उभी होते.

चार वर्षांपूर्वी आपल्या शहरातल्या दुसऱ्या एका शाळेचा मुलगा धक्क्यावरच्या शेवाळावरून घसरून पाण्यात पडला. वाचला, पण तेव्हापासून कुठलीच शाळा बोटीने सहल नेत नाही. माझं म्हणणं एकच. दोन्ही शहरं बेटांवर, मुलं रोज वर्गाच्या खिडकीतून समोरचं बेट बघतात, आणि माझ्या वर्गातल्या एकतीसपैकी एकोणीस जणांनी तिथे कधी पाऊल ठेवलेलं नाही. मग मी भूगोल शिकवते म्हणजे नक्की काय करते?

"जबाबदारी लेखी द्या," मोठ्या बाई म्हणाल्या. दिली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्हाला कायम करण्याचा विषय महिनाअखेरीला समितीपुढे आहे. आठवण करून द्यायची म्हणून नाही सांगत." आठवण करून द्यायची म्हणूनच सांगितलं.

बुधवार, ५

संमतीपत्रं वाटली. खाली दोन सह्या, आईची आणि वडिलांची. खेळाचे सर सोबत यायला तयार झाले, त्यामुळे मोठी माणसं दोन. आणखी एक असतं तर बरं झालं असतं, पण मिळत नाही.

आज एक छान गोष्ट घडली. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. इतकं हळू बोलते की मुलं तिला कुजबुज म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात मीही तेच म्हणते. चार महिन्यांत तिने एकदाही हात वर केला नव्हता. आज केला. मी जवळ जाऊन कान दिला तेव्हा ऐकू आलं. "बाई, बोटीवर चढताना आपल्याला कोण मोजतं? बोटवाले की तुम्ही?"

म्हटलं, बोटवाले फक्त तिकिटं फाडतात, माणसं आपण मोजायची. तिने ते वहीत लिहून घेतलं. ज्या मुलीकडून काहीच अपेक्षा नव्हती तिलाच सुरक्षिततेचा मुद्दा सुचला. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तुझ्या हाताखाली तयार होतेय."

शुक्रवार, ७

कुजबुजचे वडील संमतीपत्र घेऊन स्वतः आले. चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. बोटांची टोकं पांढुरकी, बोलणं मोजकं. एक सही कमी होती. मी म्हटलं, "आईची सही राहिली."

"तिला आई नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार महिने वर्गशिक्षिका आहे आणि एवढंही ठाऊक नाही. माफी मागितली. ते भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत होते. मग विचारलं, "तिथे गावात फिरवणार नाही ना? म्हणजे वस्तीत वगैरे?"

"नाही, ठरलेली तीनच ठिकाणं."

तरी जागचे हलले नाहीत. माणूस मुलीच्या काळजीत असतो तेव्हा असाच घुटमळतो. शेवटी म्हणाले, "तिने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. हेच मागितलं," आणि गेले.

मधल्या सुट्टीत मी मुलीला बाजूला घेतलं. म्हटलं, अगं, मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हा माझीही आई गेली. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठे?"

या वयातसुद्धा मुलं असं विचारतात. मी म्हटलं, "देवाघरी." त्यावर ती काहीतरी पुटपुटली. "मग वेगळं" असं काहीसं. नीट कळलं नाही.

सोमवार, १०

पलीकडच्या शहराचा नकाशा काढून आणायला सांगितला होता. बहुतेकांनी पुस्तकातला छापून आणावा तसा आणलाय. कुजबुजचा बघून थक्क झाले. धक्का, तिथून वर जाणारा रस्ता, पायऱ्यांची गल्ली, दवाखाना, पाण्याची टाकी, वळणावरचं लाँड्रीचं दुकान. पण हे सगळं एकाच कोपऱ्यातलं. उरलेल्या शहरात नुसत्या चार रेघा. आणि एका इमारतीला तिने मजलेही काढलेत, तिसरा मजला रंगवलाय.

"इतकं कुठून मिळवलंस?"

"फोनवर दिसतं, बाई."

कौतुक केलं, पण चूक ती चूक. लाल पेनाने खाली लिहिलं, "प्रमाण चुकले आहे. नकाशात इमारतींना मजले नसतात." तरी फळ्याशेजारी लावला आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवला, समितीला दाखवायला. शिकवणं मुलापर्यंत पोचतं ते हे असं.

परवाच्या वाऱ्याचं काही खरं दिसत नाही.

मंगळवार, ११

दुपारी बंदरावर लाल झेंडा लागला. उद्याच्या बोटी बंद. मोठ्या बाईंच्या आवाजात सुटकेचा निःश्वास मला स्पष्ट ऐकू आला. "आता पुढच्या महिन्यातच बघू."

वर्गात सांगितलं तेव्हा आरडाओरडा झाला तो झालाच. मी शिक्षकांच्या खोलीत आले तर दारात कुजबुज. चेहरा पांढराफटक.

"बाई, पुढच्या महिन्यात नको."

"अगं, वारा काय माझ्या हातात आहे?"

"याच महिन्यात. सव्वीसच्या आत कधीही."

"सव्वीसच का?"

ती म्हणाली, "नंतर उपयोग नाही." एवढं बोलून तिला उलटीच झाली, तिथेच, दारात. शिपाईमामांनी पाणी आणलं. सव्वीसपासून चाचणी परीक्षा आहे हे मला मागाहून आठवलं. पोर अभ्यासाचं केवढं टेन्शन घेते.

मी तडक मोठ्या बाईंकडे गेले. कधी नव्हे ते भांडले. एका मुलीने भूगोलासाठी इतकं जिवाला लावून घ्यावं आणि आपण वाऱ्याचं निमित्त करावं, असं बरंच बोलले. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "एकोणीस. त्या दिवशी नाही जमलं तर मात्र विषय संपला."

गुरुवार, १३

याद्यांच्या याद्या झाल्या. पाण्याच्या बाटल्या, बोट लागते त्यांच्या गोळ्या, आईवडिलांचे फोन, जोड्या. नवरा म्हणतो, याद्या किती झाल्या त्याचीही एक यादी करून ठेव.

हजेरीची यादी मी कुजबुजला दिली. प्रत्येक ठिकाणी आत जाताना आणि बाहेर पडताना तिने नावावर खूण करायची आणि यादी सरांकडे द्यायची. एकटीदुकटी राहणाऱ्या मुलांना अशी जबाबदारी दिली की ती उमलतात. यादी हातात घेताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जोडीला तिने वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी मागून घेतली, मुलं तिला रेडिओ म्हणतात. मला हसू आलं. म्हटलं, बरोब्बर निवडलीस.

सोमवार, १७

मैदानावर खडूने बोट आखून रंगीत तालीम केली. चढणे, बसणे, उतरणे, मोजणे. दोनदा एकतीस, एकदा बत्तीस, कारण शिपाईमामा गंमत बघायला रांगेत उभे राहिले होते.

मोठ्या बाई वरच्या गॅलरीतून बघत होत्या. हसल्या नाहीत. आपण हे कशासाठी ओढवून घेतलं, असं दिवसातून दहादा मनात येतं. काही झालं तर कायम होणं राहिलं बाजूला, दारात उभं राहून एखाद्या आईला काय सांगणार?

मंगळवार, १८

झेंडा नाही. वारा पडलाय. कुजबुजने शाळा सुटताना विचारलं, संग्रहालयापासून धक्क्यापर्यंत चालत किती मिनिटं? पंधरा, म्हटलं. "आणि शेवटची बोट?" सव्वासहाची, पण आपली चार चाळीसची. "माहीत आहे," ती म्हणाली.

बुधवार, १९

८.०५. धक्का. एकतीस. समुद्र शांत. सर टोपी विसरले.

९.१०. उतरलो. एकतीस.

११.३०. दीपगृहाच्या एकशे चव्वेचाळीस पायऱ्या. रेडिओ शेवटच्या पायरीपर्यंत बोलत होती.

१.४५. बागेत डबे. ऊन आहे पण हवा छान. कुजबुजने डबा उघडला नाही. बोट लागली असेल. मला आज फार बरं वाटतंय.

४.२२. धक्का. यादीवर एकतीस खुणा. मी मोजले, तीस. पुन्हा मोजले. तीस.

४.३०. ती नाही.

गुरुवार, २०

काल पुढचं लिहिणं झालं नाही. आज शाळेला न जाता घरी बसून लिहितेय. मोठ्या बाईंनी एक दिवस घरीच थांबायला सांगितलं आहे.

धक्क्यावर मी तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा सर म्हणाले, "पण यादीत सगळे आहेत." यादीत तिच्या नावापुढेही खूण होती, नीट, इतरांसारखीच. संग्रहालयातून बाहेर पडताना तिनेच सरांना यादी दिली होती. "सर, सगळे आले," असं म्हणाली आणि रांगेच्या शेवटी गेली. त्यानंतर तिला कुणी पाहिलं नव्हतं.

बोट सुटायला दहा मिनिटं. तीस मुलं माझ्याकडे बघतायत आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त पाणी. धक्क्याखालचं हिरवं, हलणारं पाणी. मी कठड्यावरून वाकून वाकून बघत होते.

मग माझं लक्ष रेडिओकडे गेलं. रेडिओ बोलत नव्हती.

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "तुला माहीत आहे."

"मी शपथ घेतलीय, बाई."

"ती पाण्यात पडली असेल तर?"

ती रडायला लागली. "पाण्यात नाही. आईकडे गेलीय. भेटून येते म्हणाली."

"अगं, तिला आई नाही."

"आहे की," रेडिओ म्हणाली. बाजूच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. "इथेच राहते. सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना. तीस मुलांना. तीस मुलं आठ दहाच्या बोटीत, दीपगृहावर, बागेत, माझ्यासोबत होती आणि त्यांना माहीत होतं. मी त्यांना भरती-ओहोटी समजावत होते.

सरांना म्हटलं, तुम्ही यांना घेऊन जा. ते म्हणाले, पोलिसांना कळवू. म्हटलं, मला सव्वासहाच्या बोटीपर्यंत वेळ द्या, त्या बोटीत आम्ही नसलो तर कळवा. हे योग्य होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. त्या क्षणी मात्र माझ्या हातात फोन होता आणि फोनमध्ये तो नकाशा.

तो नकाशा एका घराची वाट होता. धक्क्यापासून वर, पायऱ्यांची गल्ली, दवाखाना, टाकी, लाँड्री. एकही वळण चुकलं नव्हतं. मी धावत होते, थांबून फोन बघत होते, पुन्हा धावत होते. लाँड्रीपलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चढताना दम इतका लागला की कठड्याला धरून उभी राहिले, आणि तिथेच ती दिसली. बंद दारासमोरच्या पायरीवर, दप्तर मांडीवर घेऊन बसलेली.

तिने माझ्याकडे पाहिलं. घाबरली नाही. "बाई, तुम्हाला कसं सापडलं?"

"तुझ्या नकाशावरून."

"पण त्याचं प्रमाण चुकलं होतं ना?"

मला तिला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि जवळ घ्यावंसं वाटलं, दोन्ही एकदम. दोन्हीपैकी काहीच न करता शेजारी बसले. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे ती पाऊणएक तास तिथे बसून होती.

"दार का नाही वाजवलंस?"

"वाजवणार आहे." तिने मांडीवरचं दप्तर सरळ केलं. "इथपर्यंतचं सगळं ठरवलं होतं. दार उघडल्यावर काय म्हणायचं ते राहिलं."

दाराआडून चिकटपट्टी ओढल्यासारखा आवाज आला. कर्र, मग टचकन तोडल्याचा. पुन्हा कर्र. "सामान बांधतेय," ती म्हणाली. "सत्तावीसला जातेय. लांब, विमानाने. पत्र आलं होतं बाबांना. बाबांनी कपाटात ठेवलं, इतर पत्रांखाली."

"इतर किती?"

"बरीच."

तेवढ्यात फोन. मोठ्या बाई. सरांनी बोटीवरून कळवलं असणार. मी म्हटलं, "सापडली. सुखरूप आहे. सव्वासहाच्या बोटीने येतो."

"आत्ताच्या आत्ता धक्क्यावर जाऊन बसा. दुसरं काही करू नका."

"हो," म्हटलं आणि फोन ठेवला.

तिथून धक्का वीस मिनिटांवर. मी ठरवलं असतं तर तिचा हात धरून सरळ खाली उतरू शकले असते. नियम तोच होता. वडिलांनी पलीकडच्या वस्तीत नेऊ नका म्हणून सांगितलं होतं, ते मला आता समजलं होतं. दाराआड कोण बाई आहे, ती का गेली, मला काही ठाऊक नव्हतं. कदाचित तिने तोंडावर दार लावलं असतं. हे सगळं मनात येऊन गेलं. मी म्हटलं, "तू वाजवतेस की मी?"

"तुम्ही."

मी दार वाजवलं.

उघडणाऱ्या बाईच्या मनगटात चिकटपट्टीचं वेटोळं होतं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, "कोण हवंय?" म्हणाली, आणि मग नजर खाली गेली. ती ओरडली नाही, रडली नाही. उंबऱ्यातच खाली बसली.

"आई, मी आलेय," मुलगी म्हणाली. पायरीवरच्या पाऊण तासात तिला एवढंच सुचलं असावं.

त्या बाईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग भानावर येऊन माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत भीती होती. "तिच्या बाबांना माहीत आहे?"

"नाही," मी म्हटलं. "मी तिची वर्गशिक्षिका. आमच्याकडे पंचवीस मिनिटं आहेत."

मी आत गेले नाही. पायरीवर बसून घड्याळ बघत राहिले. दार त्यांनी पूर्ण लावलं नव्हतं. शब्द कळत नव्हते, आवाज येत होते. आईचा थोडा, मुलीचा जास्त. वर्गात चार महिन्यांत मिळून ती इतकं बोलली नसेल.

पावणेसहाला मी पुन्हा दार वाजवलं. आई आमच्याबरोबर धक्क्यापर्यंत आली, पट्टी तशीच मनगटात. मुलीचा हात धरून चालत होती आणि सारखी तिच्या डोक्याकडे बघत होती, उंची मोजावी तशी. धक्क्याच्या फाटकाशी मुलगी पुढे झाली तेव्हा आई मला म्हणाली, "मी सोडून गेले हे खरं आहे. तुम्हाला काय वाटायचं ते वाटो. पण पत्रं लिहीत होते, तेही खरं आहे."

मी मुलीमागोमाग फाटकातून आत गेले.

बोटीत मुलगी माझ्या खांद्यावर झोपून गेली. पन्नास मिनिटं मी जरासुद्धा हलले नाही. खांदा आजही दुखतोय.

या बाजूला धक्क्यावर दोघं उभे होते, मोठ्या बाई आणि वडील. मोठ्या बाईंनी आधी मुलीला पाण्याची बाटली दिली, झाकण उघडून. वडिलांनी चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला. मुलीला हात लावायचं धाडस त्यांना होईना. मला म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं. गावात नेणार नाही ना, म्हणून."

"विचारलं होतंत."

"आणि तुम्ही मला तिला आई नाही म्हणून सांगितलं होतंत," हे पुढचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. आता वाटतं, बरं केलं.

शुक्रवार, २१

लेखी खुलासा द्यायचा होता. सर सकाळीच मला गाठून म्हणाले, "खूण तिने केली, यादी तिने दिली, 'सगळे आले' तिने सांगितलं. तेवढंच लिहा. त्यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. मी तसा लिहिला. दीड पान. प्रत्येक वाक्य खरं, आणि शेवटी सगळा दोष बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात. वाचून बघितला, छान उतरला होता. अर्धा तास तो कागद माझ्या पर्समध्ये होता, हे इथे लिहून ठेवते.

मग दुसरा लिहिला. त्यात शेवटी असं लिहिलं: "मुलगी अनेक दिवस खुणा देत होती. हजेरीची यादी मी तिच्या हातात दिली, कारण तिला माझा विषय आवडतो असा माझा समज होता, आणि तो समज मला फार आवडला होता."

मोठ्या बाईंनी दोनदा वाचलं. "हे शेवटचं वाक्य कशाला?"

"तसंच झालं म्हणून."

"कायम होण्याचं वर्षभर पुढे जाईल. हा वर्गही या सत्रापुरता काढून घ्यावा लागेल."

"हो."

त्यांनी कागदाची घडी घातली. "दारातून तिला सरळ परत आणता आलं असतं. मी तेच सांगितलं होतं. का नाही आणलंत?"

म्हटलं, "बोटीला वेळ होता."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मी विचारलेलं नाही आणि तुम्ही सांगितलेलं नाही. तुम्ही दोघी धक्क्यावर बसला होतात." मला वाटलं होतं, त्या मला पाण्यात बघतात. माझं माणसं वाचण्याचं प्रमाणही सपशेल चुकलेलं दिसतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो दिवसभर लिफ्ट दुरुस्त करून दमून आला होता. म्हणाला, "एक वर्षाने काय होतं? मी रोज अडकलेली माणसं बाहेर काढतो, मला कुठे कोणी कायम केलंय?" मग आम्ही दोघं जेवलो. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

शनिवार, २२

संध्याकाळी दार वाजलं. कुजबुजचे वडील. आत या म्हटलं तर दारातच उभे. भांडायला आलेत असं वाटून मी मनाची तयारी केली.

त्यांनी खिशातून दुकानाचं लहान पॅड काढलं, ज्यावर चष्म्याचे नंबर लिहितात ते. "उद्या रविवारी बोटी किती वाजता असतात?"

सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. आठ दहा, साडेनऊ, परतीची चार चाळीस, सव्वासहा.

"तिकीट आधी काढावं लागतं का?"

"नाही, तिथेच मिळतं."

"पोटात ढवळतं म्हणतात."

"मागच्या बाजूला बसा. आणि काहीतरी खाऊन जा."

तेही लिहून घेतलं. मग पॅडकडे बघतच म्हणाले, "चार वर्षांत मी त्या बाजूला गेलेलो नाही. त्या बाजूची खिडकीसुद्धा बंद ठेवतो. तीन दिवस झाले, मुलगी बोलत नाही माझ्याशी. आधीही फार बोलायची नाही. पण आता तिचं न बोलणं ऐकू येतं."

मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले.

"ती गेली तेव्हा मला वाटलं, मुलीला एकदाच काय ते दुखू दे. पत्रं दिली असती तर दर महिन्याला दुखलं असतं." पॅड मिटून म्हणाले, "ते मुलीसाठी केलं असं मी समजत होतो."

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला.

"तिथे गेल्यावर मी काय बोलायचं?"

"मला नाही माहीत."

"तुम्हाला तर सगळं माहीत असेल असं वाटलं होतं. तुम्ही तिला तिथवर नेलंत."

"मला काहीच माहीत नव्हतं," मी म्हटलं. "मला वाटत होतं तिला भूगोल आवडतो."

त्यांनी मान वर केली आणि ते हसले. हसू नीट जमलं नाही, पण हसले. मग मलाही हसू आवरेना. नवरा आतून बघायला आला, की दारात हे काय चाललंय.

रविवार, २३

सकाळपासून वारा. सहा वाजल्यापासून गॅलरीतून बंदराचा झेंडा बघत होते. सात वाजता पिवळा लागला, म्हणजे अजून बोटी चालू, पण कधीही बंद होतील. आठ दहाची सुटली. दुपारी दोनची रद्द झाली. मला कशातच लक्ष लागेना. नवरा म्हणाला, तुझी नाहीये ही सहल. तरी चार वाजून गेल्यावर चप्पल घातली.

मी धक्क्यावर का गेले, ते मलाही सांगता येणार नाही. त्यांनी बोलावलं नव्हतं. चार चाळीसची बोट येईल की नाही याचीच खात्री नव्हती. तिकीटघराच्या आडोशाला पाचसहा माणसं उभी होती, सगळी पाण्याकडे बघत. साडेपाचला बोट दिसली. लाटांवर वरखाली होत, कधी पूर्ण दिसेनाशी होत. ती धक्क्याला लागायलाच वीस मिनिटं गेली. दोर दोनदा निसटला.

माणसं उतरायला लागली. एक म्हातारं जोडपं, सायकलवाला, पिशव्या घेतलेल्या बायका. मग वडील. एकटे.

त्यांच्यामागे कोणी नव्हतं. मी बोटीच्या दाराकडे बघत राहिले. शेवटी बोटवाल्याने साखळी लावली.

ते माझ्याकडे आले. चेहरा हिरवट, केस विस्कटलेले, शर्टाच्या बाहीवर ओल. "मंगळवारपर्यंत मुलीला तिथे राहू दे म्हटलं," ते म्हणाले. "मंगळवारी मी आणायला जातोय. दोन दिवसांची रजा शाळेत कशी कळवायची असते?"

"साधा अर्ज. उद्या मोठ्या बाईंकडे द्या. वर्ग आता माझ्याकडे नाही."

"कळलं मला ते." त्यांनी मान खाली घातली. "मी त्यांना भेटून बोलू का?"

"नको. ते माझं मी बघेन."

आम्ही रस्त्यापर्यंत बरोबर चालत आलो. पाय जमिनीवर पडतायत याची त्यांना खात्री वाटत नसावी, जपून टाकत होते. काय बोलणं झालं, भांडण झालं की नाही, त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "दिवसभरात काही खाल्लंत का?"

"हो," ते म्हणाले. "भांडी सगळी बांधून झालीयत तिची. एकच पातेलं बाहेर होतं. त्यातूनच जेवलो, तिघंही."